बाकी कुणाकडे?

लग्न होऊन वर्ष उलटतं, नव्या जोडप्याच्या घरी पाळणा हलतो, आणि त्यांच्या लग्नाचा अल्बम अजून स्टुडिओच्या कपाटातच असतो. विचारलं की उत्तर ठरलेलं: "पार्टीने बाकी दिली नाही." मला हे उत्तर पटत नाही. पार्ट्या बुडवतात, हे खरं आहे. पण अडकलेल्या बाकीतला मोठा भाग स्टुडिओने ती कधी धड मागितलीच नाही म्हणून अडकलेला असतो.

आता स्टुडिओ सांभाळणारी सॉफ्टवेअर आली आहेत. बुकिंग, शूटच्या तारखा, कोण कॅमेरामन कुठे जाणार, अल्बमचं सिलेक्शन आणि बिल, सगळं एका जागी. बिलाची लिंक ग्राहकाच्या फोनवर जाते, तो यूपीआयने, कार्डाने किंवा नेटबँकिंगने पैसे भरतो, पावती आपोआप निघते, बाकी कमी होते. उत्तम सोय आहे. पण वर्षाचे पैसे भरून सॉफ्टवेअर घ्यायचं आणि हिशेब मात्र डायरीच्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकायचा, असं करणारे स्टुडिओवाले कमी नाहीत. "टोटल, जमा, बाकी" एवढे तीन शब्द त्या पानावर असतात. ड्रोन पॅकेजमध्ये होता की वरचा, अल्बमची पानं वाढली ती कुणी वाढवली, जीएसटी धरलाय की वेगळा, काहीच कळत नाही. एक लाखाच्या कामावर अठरा टक्क्यांनी अठरा हजार होतात. ते शेवटच्या दिवशी ऐकल्यावर वधूपिता हात आखडता घेणारच. पहिल्या बिलात तो आकडा लिहिलेला असता तर भांडण झालंच नसतं.

सगळ्यात मोठा घोळ दोन घरांचा. आपल्याकडे लग्नाचा खर्च पुष्कळदा अर्धा-अर्धा होतो. बुकिंग नवऱ्या मुलाचा भाऊ करतो, ॲडव्हान्स तोच देतो. हळदीचं शूट मुलीकडच्यांनी वेगळं सांगितलेलं असतं. रिसेप्शन मुलाकडचं. आणि बिल निघतं एकच, ज्याचा नंबर फोनमध्ये सेव्ह आहे त्याच्या नावावर. मग सुरू होतं, "आमचं झालं दादा, त्यांच्याकडचं तुम्ही बघा." तिकडे फोन केला की, "भावोजींनी दिले ना?" नवे व्याही एकमेकांना पैशांबद्दल विचारत नाहीत, संकोच असतो, आणि तो रास्त आहे. त्या संकोचाचा भुर्दंड फोटोग्राफरला बसतो. सॉफ्टवेअरमध्ये एकाच कामाची दोन बिलं, दोन नावांवर, दोन लिंकांसह काढायला पाच मिनिटंही लागत नाहीत. प्रत्येक घराला आपला आकडा आणि आपली पावती मिळते. कुणाला कुणाचं तोंड बघावं लागत नाही. तरी हे करणारे थोडेच, आणि याची मला खरोखर चीड येते. कारण बाकी अडकली की मालकाआधी उपाशी राहतो तो दुसरा कॅमेरामन, ड्रोनवाला, रात्र-रात्र बसून अल्बमची पानं लावणारा डिझायनर. त्यांना सांगितलं जातं, "पार्टीचे आले की देतो."

दुसरी गोष्ट नावाची. स्टुडिओचा बोर्ड एका नावाचा आणि क्यूआर कोड स्कॅन केला की दिसतं बायकोचं किंवा वडिलांचं नाव. फसवणुकीच्या बातम्या रोज वाचणारा माणूस तिथे थबकला तर चूक त्याची नाही. स्टुडिओच्या नावाने चालू खातं काढा आणि तेच लिंकला जोडा. उलट बाजूही सांगून ठेवा: लग्न पुढे गेलं आणि ॲडव्हान्स परत करायची वेळ आली, तर पैसे घेणाऱ्याला यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. हे ग्राहकाला तुमच्याकडून कळलं तर त्याचा विश्वास वाढतो.

तिसरी मर्यादेची. दोन खात्यांमधल्या साध्या यूपीआय व्यवहाराला सर्वसाधारणपणे दिवसाला एक लाखाची मर्यादा आहे. बाकी एक लाख तीस हजार ठेवून एकच आकडा मागितला की व्यवहार फसतो, ग्राहक "उद्या बघू" म्हणतो, आणि तो उद्या महिनाभर येत नाही. हप्ते पाडा. बिलावर खाते क्रमांक आणि आयएफएससीही द्या. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालू आहे. "रविवार होता" हे कारण आता उरलेलं नाही. ज्या आजोबांना चेकच द्यायचा आहे त्यांचा चेक आदराने घ्या आणि नोंद त्याच दिवशी करा.

सॉफ्टवेअर घेतानाही डोळे उघडे हवेत. परदेशी सॉफ्टवेअर दिसायला देखणी असतात. त्यांचं पैसे भरायचं बटण त्यांच्या देशातल्या सोयींसाठी बनवलेलं असतं. उदाहरणार्थ, पेपालने भारतातल्या भारतात पैसे देण्याची सेवा १ एप्रिल २०२१ पासून बंद केली. त्यामुळे साताऱ्याच्या ग्राहकाने साताऱ्याच्या स्टुडिओला पेपालच्या बटणाने पैसे देणं शक्य नाही. घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: यूपीआय चालतं का? खात्यातून थेट येणाऱ्या यूपीआयच्या पैशांवर दुकानदाराकडून एमडीआर, म्हणजे व्यवहारावरचं शुल्क, घेता येत नाही, हा नियम १ जानेवारी २०२० पासून आहे. कार्डावर गेटवेवाले साधारण दोन टक्के घेतात. तो खर्च कोण सोसणार हे आधी बोला. बिलात गुपचूप मिसळू नका.

आणि "रोख द्या, बिलाची भानगड नको" म्हणणाऱ्यांना दोन शब्द. एकाच समारंभासाठी एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने २०१७ पासून बंदी आहे. तुकडे करून घेतले तरी समारंभ एकच धरला जातो. दंड घेतलेल्या रकमेएवढा, आणि तो घेणाऱ्याला होतो.

कार्यालयवाला आणि केटरर आपले पैसे अक्षता पडायच्या आत मोकळे करून घेतात. फोटोग्राफर मात्र मोठा हप्ता लग्नानंतर ठेवतो, म्हणजे घर खर्चाने रिकामं झाल्यावर. तारखा बुकिंगच्याच दिवशी लिहा: बुकिंगला एक, शूटच्या आठवडाभर आधी एक मोठा, सिलेक्शन झाल्यावर एक, अल्बम हातात देताना थोडा. सॉफ्टवेअर त्या-त्या तारखेला आठवण पाठवतं, आणि मालकाला फोन करून आवाज चढवावा लागत नाही.

तुळशीचं लग्न लागलं की मोसम सुरू होतो. त्याआधी कपाटातल्या प्रत्येक अल्बमचा हिशेब काढा, दोन्ही घरांना आपापलं स्पष्ट बिल आणि लिंक पाठवा, आणि पैसे आले की आधी डिझायनरचे द्या.