हातघाईवर आलेला सायकलस्वार

हिवाळा आला म्हणजे सायकल खुंटीला टांगावी लागते, असे पुण्याच्या सायकलस्वारास कोणी सांगितले, तर सौजन्याखातर तो मान डोलावील, पण त्या विधानावर त्याचा विश्वास बसणार नाही. कारण दिवाळी उलटून हवेत गारवा शिरला, की पहाटेच्या काळोखात बोपदेव आणि कात्रज घाटांच्या वळणावळणांवर लुकलुकणाऱ्या तांबड्या दिव्यांची जी रांग लागते, ती पाहून एखाद्या परस्थ इसमास येथे कसली तरी यात्रा भरत असावी, असेच वाटेल. आमचे मेहुणे हे या यात्रेतील जुने वारकरी. २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरांच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक मुदतीत संपवावयाच्या लांब पल्ल्याच्या सायकल-फेऱ्या, एकाच हंगामात पुऱ्या करणारास 'सुपर रँडोनिअर' ही जी पदवी मिळते, ती त्यांनी संपादन केलेली आहे. यांपैकी ६०० किलोमीटरांच्या टप्प्यास ४० तासांची मुदत असते, आणि ती बव्हंशी सायकलच्या सीटवर घालविलेल्या माणसाच्या मताला बैठकीच्या कोणत्याही व्यवहारात मान द्यावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते. मात्र देहाच्या ज्या भागांचा पेडल फिरविण्याशी थेट संबंध पोहोचत नाही, त्यांच्याविषयी मेहुण्यांचे धोरण प्रथमपासूनच उपेक्षेचे आहे. हात हे हँडल धरण्यापुरते आणि जेवणाच्या वेळी लागतात. एरवी त्यांच्यावर शक्ती खर्च करणे म्हणजे सरकारी तिजोरीतून गावजेवण घालण्यापैकी होय, हा त्यांचा सिद्धान्त.

असे हे गृहस्थ फेब्रुवारीत सपत्नीक ओस्लोस मुलाकडे निघाले, तेव्हा मलाही बरोबर नेण्याची तजवीज भगिनीने केली; कारण, तिच्याच शब्दांत सांगायचे तर, "ह्यांच्यावर लक्ष ठेवायला कोणी तरी हवं, आणि मला नातीकडे बघायचंय." लक्ष ठेवण्याचे प्रयोजन विमानातच उघड झाले. उत्तरेकडचे सायकलस्वार रस्ते गोठल्यावर क्रॉस-कंट्री स्कीइंग करतात, म्हणजे पाळण्यातून डोंगरमाथा गाठून खाली घसरत येण्याचा सुखवस्तू प्रकार नव्हे, तर अरुंद स्की पायांस आणि दोन काठ्या हातांस घेऊन चढ, उतार आणि सपाटी स्वतःच्या बळावर तुडविण्याचा प्रकार करतात, आणि त्यामुळे वसंतात त्यांची हृदये अधिकच मातबर होऊन बाहेर पडतात, असे मेहुण्यांनी कोठे तरी वाचले होते. ते मातबर हृदय घेऊन एप्रिलात बोपदेव घाटात उतरावयाचे आणि मित्रमंडळींस चकित करावयाचे, असा त्यांचा बेत होता. सामानात गादीची सायकल-चड्डी होतीच.

भाच्याने या विषयाची जी कैफियत आम्हांपुढे मांडली, तीत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. डिसेंबरात ओस्लोमध्ये सव्वातीन वाजण्यापूर्वी सूर्य मावळतो. रस्त्यावर काचेसारखा बर्फ धरतो. टायरांना लोखंडी खिळे ठोकून कचेरीस सायकलने जाणारे लोक आहेत, तोही स्वतः त्यांतलाच, पण कचेरीस जाणे निराळे आणि चार तास दमश्वास टिकवून सराव करणे निराळे. शिवाय वेगाबरोबर वारा वाढतो, आणि उणे दहा अंशांतला वारा बोटांशी जे वर्तन करतो त्याचे वर्णन त्याने आईदेखत टाळले. धावण्याने गुडघ्यांना हादरे बसतात. स्कीवर पाय उचलून आपटावा लागत नसल्यामुळे ते बसत नाहीत. सायकलीवर देहाचा भार सीट वाहते, म्हणून वर्षानुवर्षे केवळ सायकलच चालविणाऱ्यांची हाडे विरळ होण्याचा संभव असतो. स्कीवर तो भार ज्याचा त्याने वाहावा लागतो. "आणि बाबा," तो शेवटी म्हणाला, "यात खांदे, दंड, पोट, पाठ, सगळं एकदम कामाला लागतं. प्रयोगशाळेत माणसाची प्राणवायू वापरण्याची ताकद मोजतात ना, त्यात अगदी वरच्या आकड्यांत या खेळाडूंचे आकडे असतात." यांतील 'प्राणवायू' तेवढा मेहुण्यांनी ऐकला. 'दंड' हा शब्द त्यांच्या दफ्तरी दाखल झाल्याचे चिन्ह दिसले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीच्या तळघरात स्कींना मेण लावण्याचा विधी झाला. स्की ही सरळ पट्टी नसून मध्यभागी किंचित उचललेली कमान असते; दोन्ही पायांवर सारखे उभे राहिले तर मधला भाग बर्फाला टेकत नाही आणि स्की घसरते, परंतु एकाच पायावर सारा भार टाकून खाली दाबले की कमान सपाट होते, मधले मेण बर्फात रुतते आणि पुढे लोटण्यास आधार मिळतो. घसरणे आणि धरणे ही परस्परविरोधी कामे एकाच फळीकडून करवून घेण्याची ही युक्ती मला मोठी राजकारणी वाटली. मेणाच्या लहान लहान डब्या थंडीप्रमाणे रंगांत वाटलेल्या असतात: हिरवे कडाक्याच्या थंडीस, निळे तीहून सौम्य हवेस, जांभळे शून्याच्या आसपास. भाच्याने खिडकीबाहेरचा तापमापक पाहून निळी डबी उचलली, मेण पातळ ओढले, आणि बुचाच्या तुकड्याने ते इतके घासले की बोटास लागेना. असे थरावर थर चढले. एका कोपऱ्यात क्लिस्टर नावाच्या पदार्थाची एक ट्यूब स्वतंत्र पिशवीत घालून, जणू नजरकैदेत, ठेवलेली होती. बर्फ वितळून पुन्हा गोठला म्हणजे साध्या मेणाचे काही चालत नाही आणि हिला बाहेर काढावे लागते. पण फणसाच्या चिकाप्रमाणे ती हाताला, हातमोज्याला, दाराच्या कडीला आणि अखेरीस संसारातील यच्चयावत वस्तूंना लागते. "आज नाही लागणार," भाचा म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव दिसला.

ओस्लोची सोय अशी आहे की शहरातील भुयारी रेल्वेचा १ क्रमांकाचा मार्ग होल्मेनकोलेनवरून चढत चढत फ्रोग्नेरसेतेरेन येथे, समुद्रसपाटीपासून ४६९ मीटर उंचीवर, थेट अरण्याच्या दारात नेऊन सोडतो. डब्यात स्की घेऊन उभे राहिलेल्या माणसांकडे तेथे कोणी वळूनही पाहत नाही. १८८३ साली स्थापन झालेली स्की-संस्था या परिसरातील हजारो किलोमीटरांचे मार्ग यंत्राने दाबून, त्यांत दोन समांतर चाकोऱ्या कोरून ठेवते. आणि त्या चाकोऱ्यांवर बुटाचे पाऊल टाकणे हा कायद्याने नसला तरी लोकमताने दखलपात्र गुन्हा आहे. मी पायी हिंडेन, अशी माझी मूळ योजना होती. परंतु पहिले पाऊल टाकताच "मामा, चाकोरीत नाही, चाकोरीत नाही!" असा भाच्याचा घोष झाला, लाल टोपीच्या एका बाईंनी माझ्याकडे अत्यंत शांतपणे पाहिले, आणि त्या शांततेची दहशत बसून मी मुकाट्याने भाड्याच्या स्की पायांत अडकविल्या.

मेहुण्यांचा प्रारंभ दिमाखदार होता. सपाटीवर त्यांनी काठ्यांची दखल न घेता पायांनी असा काही रेटा दिला की आम्ही दोघे मागे पडलो. मग पहिला चढ लागला. त्यांच्या हृदयात तो चढ चारदा पार करण्याचे सामर्थ्य होते, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण हृदयाने दिलेला हुकूम तळपायांपर्यंत पोहोचेतो तळपाय मागल्या मागे खाली आलेले असत, आणि असे पुनःपुन्हा होऊन, प्रचंड परिश्रमान्ती, ते आरंभस्थानी कायम राहिले. भाच्याने स्की इंग्रजी व्ही अक्षराप्रमाणे फाकवून, आतल्या कडा रोवून चढण्याची रीत दाखविली. तीत एका स्कीच्या शेपटावर दुसरी स्की पडून माणूस स्वतःच्याच पायांचा बंदी होतो, ही बाब मेहुण्यांनी आपल्या बाजूने निदर्शनास आणली. दरम्यान एक लहान मुलगी, वय पाचाच्या आत असावे, काठ्यांशिवाय चढून गेली आणि वरून वळून पाहू लागली.

उतार मात्र मी विसरणार नाही. खाली येणाऱ्यास वाट मोकळी करून द्यावी, हा तेथील शिरस्ता आहे, आणि त्यासाठी खाली येणाराने "ल्यॉय्पे!" अशी आरोळी द्यावयाची असते. मेहुणे आरोळी देत आले. आरोळी मराठी होती, परंतु तिचा आशय सर्वांना पोहोचला. मी वळणाच्या आतल्या बाजूस उभा असल्याने ते माझ्यापासून दोन हातांवरून गेले, आणि त्या क्षणी मला त्यांच्या हातमोज्यांचे दर्शन घडले: दोन्ही हातांची तर्जनी आणि मध्यमा काठ्यांच्या मुठींवर पुढे निघून, काहीही नसलेल्या जागी, ब्रेक दाबीत होत्या. इतक्या निष्ठेने, इतक्या एकतालात त्या दाबीत होत्या, की यंत्रकारांनी त्या काठ्यांस ब्रेक का बसविलेले नसावेत, याचेच क्षणभर नवल वाटले. पुढे वळण होते; मेहुणे सरळ गेले. गादीच्या चड्डीचा उपयोग या वेळी, ती ज्या प्रयोजनार्थ शिवली जाते त्याहून निराळ्या पण तितक्याच निकडीच्या प्रयोजनार्थ झाला.

त्यानंतर काठ्यांना मान्यता मिळाली. सपाटीवर दोन्ही काठ्या एकदम रोवून, कमरेत वाकून, पोटाने आणि दंडांनी सारा देह पुढे फेकण्याची जी पद्धत आहे, ती भाच्याने शिकविली, आणि अर्ध्या तासात मेहुण्यांच्या अशा स्नायूंनी तक्रारी दाखल केल्या की ज्यांचे अस्तित्वच त्यांना आजवर ठाऊक नव्हते. उल्लेव्होल्सेतर येथील विश्रामगृही आम्ही पोहोचलो, तेव्हा दालचिनीचा बन तोंडापर्यंत नेण्यासाठी त्यांना कोपर टेबलावर टेकवून मान खाली न्यावी लागत होती.

समोरच्या बाकावर सत्तरी ओलांडलेले एक नॉर्वेजियन आजोबा संत्रे सोलीत बसले होते. मार्गात त्यांनी आम्हांस मागे टाकले होते. किती वेळा, हे मी विचारले नाही. मेहुण्यांनी भाच्यामार्फत त्यांस कळविले, की आपण मूळचे सायकलस्वार असून स्कीइंग हा केवळ हिवाळ्यातील पूरक व्यायाम म्हणून करीत आहोत. आजोबांनी संत्र्याची एक फोड खाल्ली, विचार केला, आणि उत्तर दिले, की सायकल त्यांच्याकडेही आहे. बर्फ वितळला म्हणजे पुन्हा पडेपर्यंत पाय नादुरुस्त होऊ नयेत, म्हणून ते ती काढतात. हे त्यांनी कोणत्याही खोचकपणाशिवाय सांगितले. मेहुण्यांच्या मुद्रेवर, आपण कुळ म्हणून ज्याची नोंद करावयास आलो तोच जमीनमालक निघावा, असा भाव उमटला.

या वादात पुरावा दुर्दैवाने आजोबांच्या बाजूचा अधिक होता, आणि तो पुरविला पोटच्या मुलाने. तूर द फ्रान्स तीनदा जिंकणारा अमेरिकन ग्रेग लेमाँड हा मुळात स्कीवर कसरती करणारा पोरगा. उन्हाळ्यात पाय शाबूत राहावेत एवढ्यासाठीच तो प्रथम सायकलीवर बसला. खुद्द नॉर्वेत रेना ते लिलेहामर ही ५४ किलोमीटरांची बिर्केबेइनर स्की-शर्यत १९३२ पासूनची. त्याच दोन गावांमधली सायकल-शर्यत १९९३ मध्ये निघाली. म्हणजे कागदोपत्री ज्येष्ठता ६१ वर्षांची. मेहुण्यांनी हे गणित दोनदा करून पाहिले.

या शर्यतीमागील कथेने मात्र त्यांचे मन थोडे निवळले. १२०६ साली, यादवी युद्धाच्या धामधुमीत, पायांना बर्चच्या साली गुंडाळणाऱ्या फाटक्या पक्षाच्या दोघा शिलेदारांनी दीड वर्षाच्या हाकोन राजपुत्रास उचलून, भर हिवाळ्यात स्कींवरून डोंगर ओलांडून, सुखरूप नेले. तोच पुढे १२१७ मध्ये राजा झाला. आग्र्याहून सुटकेच्या हकीकती ऐकत वाढलेल्या माणसास ही कथा परकी वाटणे शक्य नाही. त्या बालकाचे स्मरण म्हणून स्पर्धकाने पाठीवर साडेतीन किलोंचे ओझे न्यावयाचे असते, आणि सायकल-शर्यत निघाली तेव्हा तिच्या पाठीवरही तेच लादण्यात आले. वाटेतील खाण्यापिण्याचे जिन्नस या वजनात धरीत नाहीत, त्यामुळे पिशवीत लाडू भरून ते संपवीत जाण्याची मेहुण्यांना सुचलेली तोड नामंजूर झाली.

संध्याकाळी घरी ही सारी हकीकत भगिनीच्या कानी घातली, तेव्हा ती नातीला भरवीत होती. इतिहास तिने निमूटपणे ऐकला, पण वजनाशी येताच चमचा थांबला. "दीड वर्षाचं पोर आणि साडेतीन किलोचं?" ती म्हणाली, "अरे, तेवढं तर जन्मतः असतं! ही आपली अकरा किलोची आहे. आठशे वर्षांत तिथल्या एकाही आजीने विचारलं नाही का?" भाच्याने हा आक्षेप आयोजकांपर्यंत पोहोचविण्याचे कबूल केले.

होल्मेनकोलेनच्या स्की-संग्रहालयात त्या प्रसंगाचे क्नुड बेर्गस्लिएन याने १८६९ मध्ये रंगविलेले प्रसिद्ध चित्र आहे. दुसऱ्या दिवशी हात खांद्यावर जात नसल्याने मेहुण्यांस कोट भाच्याने घालून दिला, आणि आम्ही ते पाहावयास गेलो. भगिनीने बालकास पुरेसे गुंडाळले आहे की नाही, याची खातरजमा केली. मेहुणे मात्र चित्रापासून जुन्या स्कींच्या कपाटांकडे आणि तेथून पुन्हा चित्राकडे अशा येरझारा घालू लागले, आणि पूर्वीचे स्कीवाले दोन नव्हे, एकच काठी वापरीत, ही माहिती भाच्याकडून मिळताच त्यांचे डोळे लकाकले. दुसरी काठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास रूढ झाली. तत्पूर्वी शेकडो वर्षे हा व्यवहार मुख्यत्वे पायांनीच चालत असे. सबब दंड, खांदे आणि पोट यांचा या खेळातील प्रवेश हे मागाहून झालेले अतिक्रमण असून मूळ खेळ सायकलस्वारांच्याच वहिवाटीचा आहे, असा दावा त्यांनी तेथल्या तेथे मांडला. तो ठासून सांगताना हात वर करण्याची त्यांची खटपट कोपराशीच थांबली. भाचा म्हणाला, "बाबा, उद्या हवा शून्याच्या वर जातेय. जायचं असेल तर क्लिस्टर लावावं लागेल." मेहुण्यांनी जाण्याचे ठरविले, आणि एका काठीने जाण्याचे ठरविले, दुसरी काठी माझ्याकडे सुपूर्त करण्यात आली.