कॅप्टन दुप्पट, व्हाइस कॅप्टन दीडपट

मार्च सरत आला की परतूरच्या मोंढ्यात हरभरा येतो आणि त्याच सुमारास तालुक्यात मोबाइलवर क्रिकेटची टीम लावणाऱ्यांचंही पीक येतं. सातला टॉस होतो, दोन्हीकडचे अकरा-अकरा जाहीर होतात आणि साडेसातला पहिला चेंडू पडेपर्यंत स्टेशन रोडपासून वाटूर फाट्यापर्यंत एकच प्रश्न फिरत असतो: ‘कॅप्टन कोण केलास?’ तुरीला काय भाव निघाला, लाइट कधी येणार, हे प्रश्न त्या अर्ध्या तासात कोणी कोणाला विचारत नाही. मोबाइलवरच्या या कॅप्टनची नोकरी मोठी सुखाची आहे. त्याला क्षेत्ररक्षण लावायचं नसतं, टॉस जिंकायचा नसतो, हरल्यावर माइकसमोर ‘पोरांनी जीव तोडला’ असं म्हणायचं नसतं. बहुतेक वेळा तो खऱ्या संघाचा कर्णधारही नसतो आणि परतुरात आपली नेमणूक झाली आहे हे त्याच्या गावीही नसतं. त्याने झेल घेतला की आठ गुण. पण आपण त्याच्या नावापुढे ‘सी’ लावला असेल तर सोळा. चेंडू तोच, हात तेच. नावापुढे ‘व्हीसी’ असेल तर बारा. उपपदाला इतका मान दुसरीकडे कुठे मिळत नाही. उपसरपंचाची सही नेमकी कुठे चालते हे खुद्द उपसरपंचाला धड ठाऊक नसतं, संस्थेच्या उपाध्यक्षाला स्टेजवर खुर्ची मिळते पण माइक मिळत नाही. इथे मात्र उप असलेला माणूस एका फटक्यात दीड माणूस होतो. ज्याने हे दीडपटीचं काढलं त्याचा जिल्ह्यातल्या यच्चयावत उपपदस्थांनी जाहीर सत्कार करायला हवा. शाल-श्रीफळाचा खर्च उपाध्यक्षांनी करावा, अध्यक्षांना बोलावूच नये, आणि पुष्पगुच्छसुद्धा दीडच द्यावा.

या दुप्पट-दीडपटीला ‘कौशल्याचा खेळ’ म्हणतात. हे बिरुद साधं नाही. ज्या खेळात कौशल्याचा भाग प्रधान तो जुगार नव्हे, असं आपली न्यायालयं 1957 पासून सांगत आली आहेत, आणि एवढ्या एका वाक्याच्या आधारावर मोबाइलमधला हा सगळा बाजार उभा राहिला. तेव्हा कौशल्य कुठे आहे ते शोधायलाच हवं. थोडं आहे, नाही असं नाही. जो आज खेळणारच नाही त्याला घेऊ नये, शेवटची षटकं कोण टाकतो ते माहीत असावं, रात्री दव पडलं की फिरकीवाल्याचा हात घसरतो हे लक्षात ठेवावं. इतपत शहाणपण चौकात तासभर उभं राहणाऱ्या कोणालाही येतं, आणि सगळ्यांनाच आलं की त्याची किंमत शून्य होते. उरतं ते गणित. बावीस जणांतून अकरा निवडायचे तर 7,05,432 प्रकारे निवडता येतात. त्या अकरातून कॅप्टन आणि व्हाइस कॅप्टन ठरवायच्या 110 तऱ्हा. गुणाकार 7,75,97,520. यष्टिरक्षक हवाच, सगळ्यांच्या किमती शंभर क्रेडिटच्या आत बसवा, या अटींनी त्यातल्या निम्म्या गळाल्या असं धरलं तरी पावणेचार कोटींच्या वर राहतात. त्याहून मौज पुढे आहे. साक्षात देवाने येऊन आजचे अकरा कानात सांगितले तरी 110 जोड्या शिल्लक असतात आणि कोटीचं बक्षीस होतं तेव्हा ते त्यातल्या बहुधा एकीलाच लागायचं. म्हणजे देव प्रसन्न झाल्यानंतरसुद्धा 109 वाटा बुडायच्या. कौशल्याचा सगळा भार ज्या एका निर्णयावर टाकला आहे, तो निर्णय करायला पुरावा म्हणून हातात काही नाही.

‘नाही कसं? फॉर्म आहे ना!’ हा पहिला आक्षेप, आणि तो मोसमाच्या सुरुवातीला सर्वांत जोरात येतो. स्पर्धा सुरू होऊन आठवडा झालेला असतो, एकेक संघ दोन-तीन सामने खेळलेला असतो, आणि कट्ट्यावर कोण संपला, कोण पेटला याचे निकाल लागलेले असतात. टीम लावायचा हा खेळ ज्या बेसबॉलवरून 1980 च्या सुमारास अमेरिकेत रुजला, तिथलं मोजमाप पाहिलं की या फॉर्मची उंची कळते. बेसबॉलमध्ये दहा वेळा बॅट घेऊन उभा राहिलेला माणूस तीनदा हिट मारू शकला तर तो नामांकित, अडीचदा मारला तर सामान्य. मोसमात तो पाचशे वेळा उभा राहिला असं धरा: नामांकिताचे 150 हिट, सामान्याचे 125. फरक पंचवीसचा, आणि मोसम सुमारे सव्वीस आठवड्यांचा. म्हणजे थोर आणि साधारण यांच्यात आठवड्याला जेमतेम एका हिटचं अंतर. ते अंतर दिसायलाच प्रत्येक संघाचे 162 सामने लागतात. म्हणून तिथला मुरलेला खेळाडू मोसमाआधी लिलाव करून आपला संघ बांधतो, सहा महिने सांभाळतो, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याचा मोहरा शून्यावर शून्य काढत असला तरी दात ओठ खाऊन गप्प बसतो. आपल्याकडे साखळीत एका संघाला सामनेच चौदा. वीस षटकांच्या खेळात तीसच्या सरासरीचा चांगला फलंदाजसुद्धा साधारण तीन-चार डावांत एकदा दहाच्या आत परततो. तो परतला म्हणजे बिघडला असं नाही, हा खेळच तसा आहे. पण परतूरचा मॅनेजर त्याला दोन डावांत बडतर्फ करतो आणि तिसऱ्या दिवशी तो नव्वद मारतो. मग शिव्या त्याला पडतात. ‘मुद्दाम करतो’ असंही म्हणतात. बेसबॉलवाल्याचा मोसम सहा महिन्यांचा. इथला मोसम साडेसातला सुरू होऊन साडेअकराला संपतो आणि उद्या पुन्हा नवा संघ, नवा कॅप्टन, नवं कौशल्य.

दुसरा आक्षेप फार शहाणे लोक घेतात आणि तो ऐकला की लेखणी नीट चालत नाही. ‘अहो, शेती तरी काय, जुगारच की!’ हे वाक्य परतूर तालुक्यात, जिथे सोयाबीन, कापूस आणि तुरीवर घरं चालतात, तिथे बसून माणूस चहा पिता पिता बोलतो. जरा तपासू. शेतकरी जूनमध्ये सोयाबीन करायचं की कापूस हे ठरवतो, पण त्याआधी मे महिन्यात तो घरच्या बियाण्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो, रोज पाणी शिंपडतो, आठवडाभराने सुरळी उलगडून किती उगवले ते मोजतो. सत्तरच्या खाली आले तर बियाणं बदलतो किंवा एकरी माप वाढवतो. पुरेसा पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरत नाही. सोयाबीनमध्ये तुरीचे तास सोडतो, एक गेलं तर दुसरं हाती लागावं म्हणून. आणि पेरणी झाली म्हणजे त्याचा डाव संपत नाही, सुरू होतो: गोगलगायी, खोडमाशी, चक्रीभुंगा, पिवळा मोझॅक, प्रत्येकाशी त्याला त्या त्या वेळी काहीतरी करता येतं. मोबाइलवरच्या मॅनेजरला साडेसातनंतर काय करता येतं? फक्त ओरडता येतं. जिथे पहिल्या चेंडूनंतर तुमचा हातच चालत नाही तिथे कौशल्य कसलं? आणि शेतकऱ्याचं सोयाबीन कितीही जोरात आलं तरी त्याच्या पुढे कोणी ‘सी’ लावून क्विंटलचे दोन क्विंटल करून देत नाही. 2025-26 चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये; मोंढ्यात मिळाला तो त्याहून खाली. म्हणजे याचा कॅप्टन दुप्पट जाऊ द्या, पाऊणपटीलाही कधी कधी महाग. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला त्यात उभी पिकं सडली, रानं खरवडून गेली. त्या माणसाच्या धंद्याला, जो शंभर दाणे मोजल्याशिवाय पेरत नाही, जुगार म्हणायचं. आणि दोन डावांवरून माणूस ओळखणाऱ्याला कौशल्यवान म्हणायचं! ही तुलना करणाऱ्याने एकदा भर उन्हात हरभरा उपटायला यावं. कॅप्टन त्यालाच करू.

तिसरा आक्षेप मवाळ आहे: टीममागे भरायच्या एकोणपन्नास रुपयांचा तर प्रश्न होता, चहा-पोह्याचे पैसे, आणि आता तर तेही बंद झालं. झालं खरं. ऑगस्ट 2025 मध्ये कायदा आला आणि त्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांत कौशल्य आणि नशीब हा भेदच ठेवला नाही. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्याला काही नाही. पण त्याआधीचा हिशेब पाहण्यासारखा आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून खेळात भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी, आणि जिंकलाच चुकून तर निव्वळ कमाईवर 30 टक्के आधीच कापून. म्हणजे पोरगा हरो की जिंको, एक खेळाडू कधीच हरत नव्हता, आणि त्याला टीमही लावावी लागत नव्हती: तिजोरी. तो खेळ वाईट आहे हे तिजोरीला कळायला जवळपास दोन वर्षं लागली. त्यावर कडी म्हणजे ऑगस्टात बंदी घातली आणि सप्टेंबरात त्याच प्रकारच्या खेळावरचा कर 40 टक्के केला. जे चालवायलाच मनाई त्यावर कर वाढवणं याला खरं कौशल्य म्हणतात.

बंदीने एक फुकटची परीक्षाही झाली. बुद्धिबळ पैसे न लावता खेळतात, कबड्डीत गुडघे फुकट फोडून घेतात, कारण त्यात काहीतरी येत असावं लागतं आणि ते आल्याचा आनंद असतो. कौशल्य खरं असतं तर रुपये गेल्यावर ते उलट उजळून निघालं असतं. तसं काही झालं नाही. फुकटच्या स्पर्धेत टीम लावायची म्हटलं की भल्याभल्यांना जांभई येते, आणि ज्यांना येत नाही ते दहा जण मिळून पन्नास-पन्नास एकाच्या हातात ठेवतात. या उद्योगाला 1887 सालचा जुगारबंदीचा कायदा आहे आणि त्याला मोबाइल लागत नाही.

धंदा शिल्लक आहे तो टीम देणाऱ्यांचा. हे थोर. दर सामन्याला ‘पक्की टीम’ देतात, महिन्याची फी घेतात आणि रात्री बारा वाजता पहिल्या नंबरचा स्क्रीनशॉट टाकतात. यामागची विद्या अशी की एकाच सामन्याच्या चाळीस टीम बनवायच्या, प्रत्येकीत कॅप्टन-व्हाइस कॅप्टनची जोडी वेगळी, आणि वेगवेगळ्या गटांत वाटायच्या. छोट्या स्पर्धेत एखादी तरी लागतेच. लागली तिचा फोटो, उरलेल्या एकोणचाळीस पुसून टाकायच्या. ज्या गटात ती लागली तिथली पोरं याला गुरू मानतात, बाकीचे गट स्वतःच्या नशिबाला दोष देतात, आणि फी सगळ्यांकडूनच घेतलेली असते. निव्वळ लबाडी आहे ही, आणि एकाही माणसाला तिची लाज वाटत नाही, देणाऱ्याला नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. यावर उपाय सोपा आहे. या मंडळींनी टॉस झाल्यावर, पहिला चेंडू पडायच्या आत, आपल्या चाळीसही टीम भर चौकात फळ्यावर लिहाव्यात, कॅप्टन-व्हाइस कॅप्टनसकट, आणि मे अखेरपर्यंत एकही पुसू नये. मग प्रत्येक टीमचे गुण मांडावेत आणि डोळे मिटून चिठ्ठ्या उचलून केलेल्या चाळीस टीमच्या गुणांशी ते ताडून पाहावेत. चिठ्ठ्या उचलायला शाळेतलं कुठलंही पोर चालेल. तज्ज्ञांचे गुण जास्त भरले तर त्यांनी फी खुशाल ठेवावी. कमी भरले तर ती परत करावी, आणि ज्यांनी टीम घेतली त्यांना दुप्पट.