थाई नावाची आमटी

लखनौच्या विकास नगरमधला मराठी माणूस थाई जेवायला जातो तो जग पाहिल्याच्या थाटात. खरं तर तो घरी जात असतो, असा माझा सिद्धान्त आहे. थाट मला चांगला ठाऊक आहे, कारण तो माझाच आहे. 'इंडियन, मुगलई, चायनीज, थाई' अशा चार मजली मेनूकार्डात पहिल्या तीन मजल्यांवर न रेंगाळता थेट चौथ्यावर चढायचं, पदार्थाचं नाव शक्य तितकं नाकातून उच्चारायचं, शेजारच्या टेबलावर बटर नान मोडणाऱ्या कुटुंबाकडे करुणेने पाहायचं, आणि शेवटी वेटरला हळूच विचारायचं, "ऑथेंटिक है ना?" हा प्रश्न विचारणाऱ्याचं थायलंड बहुधा चार रात्री-पाच दिवसांचं असतं आणि त्यातल्या निम्म्या जेवणांना टूरवाल्याने आवर्जून वरण-भात वाढलेला असतो. पण परीक्षकाने परीक्षा दिलेलीच असावी असा नियम आपल्याकडे साहित्यातही नाही, मग करीत कुठून असणार?

या थाटाचा पहिला पुरावा म्हणजे चॉपस्टिक्स. थाई रेस्टॉरंटात चॉपस्टिक्स मागणं हे आपल्या सुसंस्कृतपणाचं लक्षण आहे, अशी माझ्यासारख्यांची पक्की समजूत असते. थायलंडात मात्र भात चमच्याने खातात. उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा, आणि काट्याचं काम फक्त घास चमच्यात ढकलण्याचं. चॉपस्टिक्स नूडल्सपुरत्या, कारण नूडल्स चिन्यांकडून आल्या. काटा-चमचासुद्धा एकोणिसाव्या शतकात दरबारातून खाली उतरला. त्याआधी तिथेही पाच बोटांचीच चाल होती. म्हणजे शेजारच्या टेबलावर जे आजोबा भातात करी कालवून बोटांनी खातात, ते इतिहासाच्या दृष्टीने थायलंडच्या अधिक जवळ आहेत. आणि दोन काड्यांनी एकेक शीत उचलणारा मी फक्त उपाशी आहे.

आता सिद्धान्ताची बाजू मांडतो. लखनौने खाण्यात कुणापुढे मान तुकवावी असं काही नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात युनेस्कोने या शहराला पाककलेचं सर्जनशील शहर म्हणून मान दिला, आणि गलौटी कबाब एकदा जिभेवर विरघळला की युनेस्कोने इतकी वर्षं काय केलं, असाच प्रश्न पडतो. पण कबाब, निहारी, शीरमाल हा पाहुणचार आहे, आणि पाहुणचार रोज झेपत नाही. रोजच्या जेवणात इथे मराठी जिभेची जी उपासमार होते ती तिखटाची नव्हे; ती नारळाची आणि आंबटगोडाची. नारळ इथे देवळात फुटतो, मिठाईत सुका होऊन पडतो, उन्हाळ्यात हातगाडीवर शहाळं होतो. रश्श्यात मात्र येत नाही. डाळीत गूळ घालतो असं सांगितलं तर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असा भाव येतो, जणू आपण बिर्याणीत पेढा कुस्करला. अशा शहरात थाई करीची वाटी समोर येते. नारळाचं दूध, हिरवी मिरची, कोथिंबिरीची मुळं, आंबट काहीतरी, आणि त्या आंबटाची समजूत घालायला माडाचा गूळ. खारट, आंबट, गोड, तिखट या चौघांना एका वाटीत भांडू न देता बसवणं हेच थाई स्वयंपाकाचं गणित. आणि चिंच-गुळाची आमटी करणाऱ्या प्रत्येक घरात हेच गणित पाटी-पेन्सिलीशिवाय सुटत आलं आहे. तिथली कोळंबीची 'कापी' म्हणजे आपल्या जवळ्याची सख्खी मावसबहीण, दोघींच्या वासावरून शेजारी भांडायला येतात. गलांगल नावाने जे ऐटीत मिरवतं ते कोष्टकोळिंजनाच्या घरातलं. आपल्याकडे गवयाचा घसा बसला की तोंडात धरतात. त्या भाषेत जेवणाला 'आहान' म्हणतात, तो आपला आहार. आणि चवीला 'रोत-छात', म्हणजे रस आणि जाती. पत्रिका इतकी जुळत असताना आपण मात्र परदेशी गेल्यासारखे बसतो.

आणि गवती चहा! इथे माझा युक्तिवाद थोडा वाट सोडणार आहे, पण गवती चहासाठी वाट सोडावीच लागते, कारण तो कोकणातल्या घरात नेहमी वाटेतच उभा असतो. न्हाणीघराचं पाणी जिथे जातं तिथे त्याचं ठोंब. कुणी लावलेलं आठवत नाही, कुणी खत घातल्याची नोंद नाही. पात खुडताना बोटाला बारीक चीर पडते, ती चहा पिऊन होईपर्यंत चुरचुरते. तीन-चार पाती घ्यायच्या, त्यांची गाठ मारायची, आल्याबरोबर उकळत्या पाण्यात टाकायची, झाकण ठेवायचं. पावसाळी दुपारी सर्दी झालेल्या माणसाला घरात आपली दखल घेतली जात असल्याचा तो वास. थाई स्वयंपाकी याच ठोंबाकडे वेगळ्या नजरेने पाहतो. तो पात छाटून टाकतो आणि बुडाशी असलेला पांढुरका, कांद्यासारखा पदर सुटणारा दांडा ठेचून वाटणात घेतो. आपण पात उकळतो आणि बूड जमिनीत ठेवतो. तो बूड खातो आणि पात फेकतो. एका रोपाची इतकी समंजस वाटणी दोन सख्ख्या भावांतही कोर्टाची पायरी न चढता झालेली पाहायला मिळत नाही. यातली खरी थट्टा मात्र लखनौची आहे. औषधी आणि सुगंधी वनस्पतींची केंद्र सरकारची संशोधन संस्था, सीमॅप, याच शहरात कुकरैलच्या पिकनिक स्पॉट रस्त्यावर आहे. तिथे गवती चहाच्या 'कृष्णा', 'प्रगती' अशा सुधारित जाती तयार झाल्या, आणि तेलात लिंबासारख्या वासाचं सिट्रल किती, यावर तिथे शास्त्रज्ञांची कारकीर्द ठरते. विकास नगरपासून ही जागा काही फार लांब नाही. तरीही आपण मेनूत 'लेमनग्रास' वाचून दूरदेशीचं काही आल्यासारखे मोहरतो. तेच सिट्रल साबणात आणि फरशी पुसायच्या द्रवात पडत असल्यामुळे काही स्थानिक खवय्ये सूप नाकाशी नेऊन थबकतात. त्यांना दोष देता येणार नाही. पण बिर्याणीत केवडा आणि मीठा अत्तर शिंपडणाऱ्या शहराने अन्नातल्या सुगंधाला हरकत घ्यावी, हे मात्र नवाबीच म्हणायचं.

पहिला आक्षेप मला दिसतो. खऱ्या थाई करीत माशांचा सॉस असतो, कापी असते. विकास नगरच्या वाटीत पनीर आणि बेबी कॉर्न तरंगतं, नवरात्रात तर कांदा-लसूणही गळतो. मग ही थाई कशी? माझा उलट प्रश्न असा की खरी थाई तरी कुठली? पाड थाई हा राष्ट्रीय पदार्थ म्हणजे जवळजवळ सरकारी योजना आहे. १९३९ साली सयामचं थायलंड करणाऱ्या फील्ड मार्शल पिबुन यांच्या राजवटीत राष्ट्रभक्तीच्या ओघात त्याचा प्रचार झाला, आणि तोही चिनी नूडल्सच्या पाठीवर. 'मस्समन' करीच्या नावात मुसलमान व्यापारी बसलेला आहे, मसाल्यात दालचिनी-वेलदोडा आहे. ती कोरम्याची सयामी शाखाच. २००२ मध्ये तिथल्या सरकारने परदेशांत थाई रेस्टॉरंटं वाढवण्याची मोहीमच काढली. आणि मिरची? पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात आले, १५११ मध्ये त्यांचा दूत अयुथयेच्या सयामी दरबारात पोहोचला. अमेरिकेतली मिरची त्यांच्याच व्यापाराबरोबर दोन्हीकडे पसरली. म्हणजे आपला ठेचा आणि त्यांची करी एकाच आगंतुकावर उभी आहेत. तरीही कुणाला शुद्धतेचा आग्रह असेल, तर त्याने एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीची झडती घ्यावी. साबुदाणा ज्या कंदाचा तो दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा तिथलाच, बटाटा तिथलाच, मिरचीही त्याच खंडाच्या बाजूची. आपली काय ती एकादशी. धर्माला चालतं ते पनीरला का चालू नये?

यावर दुसरा आक्षेप ओघानेच येतो: मग काहीही थाई म्हणून खपवायचं का? अजिबात नाही. वंशावळ माफ, गणित माफ नाही. कॉर्नफ्लॉवर घालून खळीसारखी केलेली करी, आंबटाचा पत्ता नसलेली, साखरेनेच गोडावलेली, ही थाई तर नाहीच, पण आमटीही नाही. नावाचं म्हणाल तर नाव प्रवास करतं आणि वाटेत संसारही करतं. इथून १३५ किलोमीटरवर अयोध्या आहे. १३५० च्या सुमारास सयामात जी राजधानी उभी राहिली, तिचं नाव अयोध्येच्याच नावावरून अयुथया पडलं. लखनौ स्वतःला लक्ष्मणाचं गाव म्हणवतं. तो तिथे 'फ्रा लाक' होतो. आणि जवळच्या अलीगंजात ज्याच्यासाठी ज्येष्ठातल्या मंगळवारी भंडारे लागतात, तो हनुमान रामकियेन या थाई रामायणात ब्रह्मचारी राहिलेला नाही. त्याचं मत्स्यकन्येशी प्रेम जमतं, मुलगाही होतो. रामकथा इतकं सहन करून रामकथाच राहते, तर एका करीतून झिंगा गेल्याने आकाश कोसळू नये.

तिसरा आक्षेप सगळ्यांत सरळ आहे: घरचीच आठवण येते तर घरीच आमटी करा. नारळ मिळतो, चिंच मिळते, गूळ तर भरपूर मिळतो. खरं आहे; पण आपल्या हाताने केलेली आमटी फक्त पोट भरते. दुसऱ्या कुणीतरी वाढलेली आणि "आणखी घेणार?" असं विचारलेली आमटी म्हणजे घर. इथे मात्र माझा विनोद थोडा अडखळतो. या शहरातल्या अशा स्वयंपाकघरांत नेपाळची, गढवाल-कुमाऊँची, ईशान्येची मुलं पुष्कळ असतात. थायलंड त्यांनीही पाहिलेलं नसतं. आपण "ऑथेंटिक है ना?" विचारतो तेव्हा उत्तर ऐकत नाही, त्यांच्या डोळ्यांची ठेवण पाहून समाधान मानतो. रेस्टॉरंटात ज्या चेहऱ्याला आपण प्रमाणपत्र समजतो, त्याच चेहऱ्याला रस्त्यावर काय हाका मारल्या जातात, हे कुणाला सांगायला नको. २०१४ मध्ये दिल्लीत निडो तानिया हा अरुणाचलचा विद्यार्थी, केसांवरून झालेल्या टिंगलीतून पेटलेल्या मारहाणीनंतर गेला. ईशान्येच्या लोकांच्या तक्रारी ऐकायला सरकारला बेझबरुआ समिती नेमावी लागली. करीत पनीर चालतं की नाही, यावर तासभर वाद घालणाऱ्या आपल्याला या हाकांवर मिनिटभर बोलायला वेळ नसतो. अस्सलपणाची आपली सगळी भूक ताटातल्या गोष्टींसाठी असते. वाढणाऱ्याच्या बाबतीत आपल्याला नक्कलही चालते.

तेव्हा हिशेब असा. नाव अयोध्येच्या वंशातलं, मिरची पोर्तुगिजांची, गवताचं संशोधन कुकरैलचं, पनीर उत्तर प्रदेशाचं, स्वयंपाकी डोंगरातला, गिऱ्हाईक कोकणातलं. या टेबलाशी असलेलं जवळजवळ कुणीच आपल्या गावात नाही, आणि म्हणून त्यातल्या कुणीही दुसऱ्याकडे दाखला मागू नये. अस्सलपणाची कसोटी हवीच असेल तर एक उरते. वाटीच्या तळाशी दोन घोट करी राहते. भात संपलेला असतो. आमटी खरी असेल तर हात आपोआप वाटी ओठांशी नेतो आणि भुरका निघतो. तो ठरवून काढता येत नाही आणि दाबूनही राहत नाही. माझा सिद्धान्त त्या आवाजावर टिकून आहे. चॉपस्टिक्स मागणाऱ्या माणसाला मात्र तो चारचौघांत सिद्ध करता येत नाही. शेजारच्या टेबलावरचे आजोबा तो केव्हाच सिद्ध करून, बोटं चाटत, बडीशेप मागत असतात.