पाळायची ती पेटी

साप पाळणारा माणूस खरं तर साप पाळत नाही, पेटी पाळतो. हौशी मंडळींना हे झोंबेल, पण बॉल पायथनपुरता तरी पुरावा माझ्या बाजूने आहे. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला अजगर. जेमतेम तीन-चार फुटांचा. घाबरला की डोकं आत घालून स्वतःचा चेंडू करून घेणारा. स्वतःचं अंग तापवणं त्याला जमत नाही, त्यामुळे गिळलेला उंदीर पचवण्याची निम्मी जबाबदारी पोटाची आणि निम्मी पेटीची. तिची एक बाजू ३२ अंशांच्या आसपास, दुसरी २६च्या. दोन्हीकडे अंग चोरून बसता येईल अशी एकेक ढोली, पाण्याचं भांडं आणि हवेत साधारण साठ टक्के ओलावा. एवढं जमलं की सापाचा स्वभाव कळू लागला असं मालकाला वाटतं. कळलेली असते ती पेटी. सदानकदा थंड कोपऱ्याला चिकटून राहिला, तर ऊब जास्त झालीय. रात्रभर काचेवर नाक घासत फिरला, तर बहुधा काहीतरी खुपतंय. डोळे निळसर दुधी दिसले की नवा मालक घाबरून डॉक्टर शोधतो. साप फक्त कात टाकायच्या तयारीत असतो. तीच कात मोज्यासारखी अखंड न निघता चिंध्या-चिंध्या होऊन निघाली, तर ओलावा कमी पडला म्हणायचं. थोडक्यात, साप जी काही तक्रार करतो ती घराबद्दल. घरमालकाबद्दल त्याचं काही मत असल्याचं दिसत नाही.

आता ही पेटी छत्तीसगडमधल्या भिलाईत ठेवून पाहा. सापांची बहुतेक मार्गदर्शक पुस्तकं थंड देशांत लिहिली गेली, म्हणून त्यांत पानोपानी ऊब कशी द्यायची याची चिंता. इथे मे महिन्यात पारा ४४च्या पुढे जातो. हीटिंग पॅड आणणाऱ्याला दुकानदाराने पाणी विचारावं असे ते दिवस. पेटी बंद खोलीत ठेवून सगळे सुट्टीला नागपूरला गेले, तर परत आल्यावर साप असेलच याची खात्री नाही. बरं, कूलरसमोर ठेवावी, तर ऊबदार कोपराच उरत नाही आणि ओलावा मर्यादेबाहेर जातो. डिसेंबरातल्या रात्री पुन्हा उलटी गंमत, तेव्हा तेच पॅड लागतं आणि त्याला थर्मोस्टॅट लावला नाही तर सापाचं पोट भाजतं. ज्या गावाने ४ फेब्रुवारी १९५९पासून पोलाद कारखान्याची ब्लास्ट फर्नेस सांभाळली, त्या गावाच्या निवृत्त फोरमनला एका पेटीचे दोन कोपरे सांभाळणं जड जाऊ नये. उलट लॉगबुक ठेवायची सवय आयती कामाला येईल.

यावर ठरलेला आक्षेप येतो: ‘आमचा साप आम्हाला ओळखतो, हातावर येऊन बसतो.’ येतो खरा. या अजगराच्या वरच्या ओठावर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात, आणि माणसाचा हात ही घरातली सर्वांत सोयीची फिरती शेगडी आहे. सरावाचा वास त्याला पुढे धोक्याचा वाटेनासा होतो, हेही मान्य. पण दुर्लक्ष आणि प्रेम यांत फरक आहे, आणि आपण लाडाचे भुकेले असल्यामुळे तो सापाच्या वतीने बुजवून टाकतो. हाच घोळ जेवणाबाबत. बॉल पायथन कधी कधी महिनोन् महिने अन्नाला तोंड लावत नाही. धडधाकट मोठ्या सापाचं वजन टिकून असेल तर घाबरण्यासारखं फारसं काही नसतं. पण मराठी घरात कुणी दोन घास कमी खाल्ले तरी चौकशी समिती बसते. मग रोज उंदीर नाचवून आग्रह सुरू होतो, साप आणखी बिचकतो आणि उपास लांबतो. अशा वेळी आधी थर्मामीटर पाहायचा. दूध तर मुळीच द्यायचं नाही. सापाला ते पचत नाही. नागपंचमीला पितो तो गारुड्याने तहानलेला ठेवलेला असतो.

दुसरा आक्षेप काटकसरीचा: आफ्रिकेचा पाहुणा कशाला, पावसाळ्यात बागेत येणारी धामण फुकट आहे की! फुकट नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याने देशी साप पाळता येत नाहीत, आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर नाग आणि धामण पहिल्या अनुसूचीत, म्हणजे इथल्या मैत्रीबाग प्राणिसंग्रहालयातल्या वाघाच्या पंक्तीला जाऊन बसले आहेत. शिवाय इथले लोक ज्याला डोमी म्हणतात तो नाग आणि धामण यांत अंधारात गल्लत करणाऱ्याला कायद्याआधी दवाखाना भेटतो. परदेशी अजगरालाही कागद चुकलेले नाहीत. २०२४च्या नियमांनुसार त्याची ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते, पिल्लं झाली तर तीही कळवायची, मेला तर तेही.

हा शेवटचा रकाना भरण्याची घाई मात्र तो करत नाही. नीट ठेवला तर वीस-तीस वर्षं सहज जगतो. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या अशाच एका मादीने २०२०मध्ये, वयाची साठी उलटल्यावर, अंडी घातली. तीही कित्येक वर्षं नराचं तोंड न पाहता. इकडे भिलाईच्या सेक्टरमधलं क्वार्टर कारखान्याचं, ते एवढ्या वर्षांत आज ना उद्या सोडावं लागणार. मुलं पुण्याला किंवा बंगळूरला. तेव्हा साप आणण्यापूर्वी सुनेला विचारून घ्यावं, आणि विचारताना सापाचा नव्हे, पेटीचा फोटो दाखवावा.