पिंटू शूमाकर होत नाहीये

कोलोन, रविवार

ती. आई-बाबांस सा. न.,

काल फोनवर तुझा आवाज असा होता, जणू पिंटूला आम्ही सीमेवर धाडलंय. मोठ्या काकूंनी ग्रुपवरचा हेल्मेटवाला फोटो बघून तुळशीनगरभर काय पसरवलं असेल, ते कळलं. अगं, त्याच्या वर्गातल्या मुलाचा वाढदिवस होता! शेडमधला ट्रॅक, बॅटरीवरच्या गो-कार्ट, कडेला जाड प्लास्टिकचे कठडे. कुणी कुणाला ठोकलं की काउंटरवरचा मुलगा बटण दाबतो आणि सगळ्या गाड्या रांगायला लागतात. हे बटण आपल्या न्यू मार्केटच्या चौकात बसवायला हवं.

काळजी करायचीच असेल तर दराची कर. मुलं उतरल्यावर मोठ्यांनाही हौस आली. दहा मिनिटांचे 18 युरो! बाबा, गुणाकार करू नका, मी केलाय. त्यावर हेल्मेटच्या आत घालायची कापडी टोपी सक्तीची. मी तुझ्या हातची माकडटोपी पुढे केली. चालणार नाही म्हणे, आमच्याकडचीच घ्या. 3 युरो. मंदारच्या डोक्यावर टोपी अडकायलाही केस नाहीत, त्यालाही 3 युरो. त्याने वाद घातला, तर टोप्या देणाऱ्या बाईंनी भिंतीवरच्या नियमावलीकडे बोट दाखवलं. माझी वेणी आत, ओढणी जमा. ओढणीचं मात्र पटलं. मागचा अ‍ॅक्सल उघडाच फिरत असतो.

(कुकर झाला. रविवारी इथे व्हॅक्यूम लावायचा नाही, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. शिट्टीबद्दल नियमात काही नाही, म्हणून शेजारचे आजोबा नुसते बघतात.)

निमीच्या सासरच्यांनी पोह्यांना नावं ठेवली? इंदूरकडे मुलगी दिली तेव्हाच मी बोलले होते. आणि अप्पाकाकांनी पुन्हा फ्लॅट बघितला? त्यांना घ्यायचा नाहीये गं, चहा प्यायचा असतो.

बंड्याने विचारलेलं त्याला वाचून दाखव. भाड्याच्या पेट्रोल कार्टना साधं फोर-स्ट्रोक इंजिन, बरेचदा होंडाचं 270 सीसीचं. शर्यतीतल्या बऱ्याच कार्टना 125 सीसीचं टू-स्ट्रोक, आणि त्यातल्या गिअरवाल्यांना सहा गिअर, पुढेही ब्रेक. शेडमधली फरशी गुळगुळीत, वळणं अरुंद; उघड्यावरच्या डांबरी ट्रॅकवर टायर खरी पकड घेतात. आणि बाबा, हे तुमच्यासाठी. कार्टला स्प्रिंग नसतात, डिफरन्शियलही नसतं. दोन्ही मागची चाकं एकाच अ‍ॅक्सलवर घट्ट, म्हणून वळताना आतलं चाक जरासं उचललं गेलं पाहिजे, नाहीतर गाडी सरळच जाते. त्यासाठी फ्रेमला थोडं पिळवटू द्यावं लागतं. भेलमध्ये तुम्ही जन्मभर काही हलू नये म्हणून वेल्डिंग केलंत, पण बंड्याच्या कॉलेजच्या कार्टला जास्तीच्या पट्ट्या मारायला सांगू नका. लोखंडी पलंग होईल आणि पोरं तुमचं नाव घेतील.

मागे केर्पेनच्या कार्ट ट्रॅकवरही जाऊन आलो, इथून जवळच आहे. मायकल शूमाकर तिथलाच. वडील गवंडी, त्यांनी पोराच्या पायडलच्या गाडीला इंजिन बसवलं; पोराने ती दिव्याच्या खांबावर घातली, म्हणून त्याला कार्ट क्लबात नेलं. पुढे वडील ट्रॅकची देखभाल करायचे आणि आई तिथलं कॅन्टीन सांभाळायची. जर्मनीत कार्टचं लायसन्स तेव्हा 14 व्या वर्षी मिळे, तर गड्याने 12 व्या वर्षी लक्झेंबर्गचं काढलं! टोपीवाल्या बाईंना हे ऐकवायचं राहिलंय. 1984 साली तो जर्मनीचा ज्युनियर कार्ट विजेता झाला.

तिथे टू-स्ट्रोक गाड्या सुरू झाल्या आणि तो ऑइलचा वास आला. बाबा, तुमची स्कूटर. पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल घालून घ्यायचात, मी पुढे उभी, कमला पार्कवरून जाताना दोन्ही बाजूंना पाणी. मंदारला म्हटलं, डोळ्यांत धूर गेला. तो म्हणाला, वारा तर उलटा आहे. कोकणस्थाला काय सांगायचं!

पार्सल पोचलं. चिवडा संपला, लाडूंचा भुगा झाला होता, तोही संपला. पुढच्या वेळी लोणचं नको, जीरावन जास्त पाठव. आणि बाबांच्या मोतीबिंदूची तारीख ठरली की तू स्वतः कळव, मोठ्या काकूंकडून नको.

तुमची,
बेबी