सदनिकेत सूर्य बसवताना

नवी मुंबईत उन्हाची टंचाई आहे असं गृहीत धरून ही मार्गदर्शिका तयार केली आहे. मे महिन्यात दुपारी दोन वाजता वाशी स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभं राहून ती वाचू नये. लेखकाबद्दल गैरसमज होतो. घरी यावं, एसी लावावा आणि मग कासवाला ऊब कशी द्यायची या प्रश्नाकडे वळावं.

सर्वप्रथम कासवाची पाठ पाहावी. काळ्या कवचावर पिवळ्या रेषांच्या चांदण्या दिसल्या तर ते स्टार कासव. अशा वेळी इलेक्ट्रिशियनच्या आधी वकिलाला फोन करावा लागतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली आणि हे कासव पहिल्या अनुसूचीत गेलं. शिक्षा तीन ते सात वर्षं तुरुंगवासाची. तिथली प्रकाशयोजना शासनातर्फे होत असल्याने पुढचा मजकूर वाचायची गरज उरत नाही. भाच्याने वाढदिवसाला दिलं, नेरुळच्या मित्राने जाताना ठेवलं, घरात आल्यापासून धंद्याला बरकत आली, यातलं कोणतंही कारण कायद्यात नमूद नाही. वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवावं. रात्री गुपचूप जवळच्या तलावात सोडून येऊ नये. हे जमिनीवरचं कासव आहे, ते बुडतं.

राहिलं सुल्काटा. हे आफ्रिकेतलं, सहाराच्या दक्षिण कडेचं. परदेशी असलं तरी केंद्र सरकारच्या 2024 च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. कागद हातात असतील तरच पुढे वाचावं.

सूर्य ही एक वस्तू आहे अशी आपली जुनी समजूत. दुकानात तो तीन भागांत मिळतो: उष्णता वेगळी, उजेड वेगळा आणि यूव्हीबी नावाचा न दिसणारा किरण वेगळा. पैकी उष्णतेसाठी बल्ब हवा. सेक्टरमधल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन हे मागून पाहावं.

“काका, गरम होणारा बल्ब आहे का?”

“आपल्याकडचा एकही गरम होत नाही. दोन वर्षांची गॅरंटी.”

“मला होणाराच हवाय.”

इथे काका आपल्याकडे नीट पाहतात, हातातला एलईडी खाली ठेवतात आणि आतल्या पोऱ्याला माळ्यावर चढवतात. धूळ झटकून शंभर वॉटचा पिवळा बल्ब खाली आला तर आपलं नशीब. नाहीतर फरसाणच्या दुकानात काचेच्या कपाटात समोसे गरम ठेवणारा हॅलोजन असतो, त्या जातीचा घ्यावा. तत्त्व एकच आहे. फरक इतकाच, की समोशाला बाजूला सरकता येत नाही. कासवाला ते आलं पाहिजे. म्हणून दिवा पेटीच्या एकाच टोकाला लावावा: त्याच्या खाली 35 अंशांच्या आसपास, दुसऱ्या टोकाला 26 ते 28, आणि मध्ये लपायला एक आडवं मडकं. चाळिशीच्या वर पारा गेला तर कासव मरू शकतं. त्याला घाम येत नाही. होल्डर चिनी मातीचाच घ्यावा, प्लास्टिकचा वितळतो. थर्मोस्टॅटला पर्याय नाही. रात्रीसाठी लाल बल्ब विकायचा प्रयत्न होईल. घेऊ नये. कासवाला रंग दिसतात, झोप त्यालाही लागते, आणि आपल्याकडच्या थंडीत गारठ्याच्या रात्री त्या किती? पिल्लू असेल तर तेवढ्या दिवसांपुरता प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर लावावा.

तापमान मोजायला सोसायटीच्या गेटवर 2020 साली कपाळावर रोखायचे ती बंदूक वॉचमनच्या टेबलाच्या खणात अजून पडलेली असते. ती आणू नये. ती माणसाच्या तापासाठी आहे. फार तर कासव ऑफिसला जायला फिट आहे एवढं कळेल. साधा प्रोब असलेला थर्मामीटर घ्यावा आणि प्रोब कासवाच्या पाठीच्या उंचीवर ठेवावा. पेटीच्या भिंतीला लावला तर भिंतीची तब्येत कळते.

उजेड बल्बबरोबरच येतो. आता तिसरा भाग, म्हणजे यूव्हीबी. हा किरण कातडीवर पडला की शरीरात डी-3 जीवनसत्त्व तयार होतं, त्याने कॅल्शियम जिरतं, कवच आणि हाडं घट्ट राहतात. तो मिळाला नाही तर कवच मऊ पडतं, पाय वाकतात. “पण आमच्या गॅलरीत भरपूर ऊन येतं!” येत असेल. ती गॅलरी आपण स्लायडिंग लावून हॉलमध्ये घेतलेली आहे, आणि खिडकीची साधी काच यूव्हीबी जवळपास सगळा अडवते. काचेतून येतो तो उजेड आणि उकाडा. त्याच काचेआड बसून काम करणाऱ्या मालकाला डॉक्टर आठवड्याला 60,000 युनिटची डी-3 ची पुडी दुधातून घ्यायला सांगतात. तेव्हा घरातली वाटणी अशी: कासवाला ट्यूब, माणसाला पुडी, आणि सूर्य काचेबाहेर.

यूव्हीबी ट्यूबची एक खोड आहे. सहा महिने ते वर्षभरात तिचा किरण आटतो, पण ती पेटत राहते. दिसायला हजर, कामाला शून्य. कोणाची आठवण झाली तरी कार्यालयात बोलू नये. ट्यूब बसवली ती तारीख पट्टीवर लिहून होल्डरला चिकटवावी.

जागा कुठे? वास्तुवाले कासव उत्तरेला सांगतात. काचेच्या वाडग्यातल्या पितळी कासवाला ते सोसतं. नवी मुंबई 19 अक्षांशावर आहे. भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला जातो तो साधारण 15 मे ते जुलैअखेर. त्या दोन्ही टोकांना सावली पायाखाली नाहीशी होते, पैकी दुसऱ्या वेळी ती बघायला ऊनच नसतं. म्हणजे उत्तरेच्या गॅलरीला दुपारचं ऊन मिळण्याचे अडीच महिने, त्यातले निम्म्याहून जास्त पावसाचे.

आणि दिव्याचा खरा हंगाम पावसाळाच आहे. परदेशी पुस्तकं हिवाळ्याची भीती घालतात. इथे गाठ पडते ती जुलैशी. आठ-आठ दिवस पारसिकचा डोंगर दिसत नाही, हवेत पाणी, पेटीतली माती दमट. उबदार कोरडेपणाची सवय असलेल्या कासवाला दमट गारवा छातीत बसतो. नाकातून बुडबुडे दिसले की थेट सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठावा, काढा करू नये. ही पाळी येऊ नये म्हणून दिवसभर दिवा चालू. घरातल्या इतरांना या दिव्याचा शोध पहिल्याच आठवड्यात लागतो. आधी शाळेचा एक मोजा पेटीच्या काठावर येतो. मग दुसरा. तिसऱ्या दिवशी कासव डोळे मिटून ऊब घेत असतं आणि त्याच्या डोक्यावर पीटीची पँट, दोन रुमाल आणि आजींचं ब्लाउज लोंबत असतं. हे ताबडतोब थांबवावं, हॅलोजनवर कापड पेटतं. आजींना समजावताना जपून. “त्याला बारा तास लाइट, आणि मी देवघरात दुसरी वात लावली की बिल वाढतं,” या वाक्याला आजवर कुणाकडे उत्तर निघालेलं नाही.

बिलाचं सांगायचं तर शंभर वॉटचा दिवा बारा तास म्हणजे दिवसाला सव्वा युनिटच्या आत, महिन्याला 36. तेवढ्याने कोणी बुडत नाही. बुडतो तो पेटी एसीच्या खोलीत ठेवणारा. एसी खोली गार करतो, थर्मोस्टॅटला वाटतं हिवाळा लागला, तो दिवा पेटवतो. दिव्याने खोली तापते, एसी जोर धरतो. महावितरण दोघांचंही ऐकून घेतं आणि तीनशे युनिटच्या वरच्या दराने न्याय देतं.

या सगळ्याला एक फुकटचा पर्याय आहे, तो पूर्णतेसाठी नोंदवतो. सकाळी नऊ ते अकरा गच्चीवर खरं ऊन असतं, तिन्ही भाग एकत्र. अर्धी सावली, पाणी आणि घारी-कावळ्यांपासून राखायला एक माणूस लागतो. शिवाय गच्चीची किल्ली लागते. ती सेक्रेटरींकडे असते, आणि सेक्रेटरी गावी असतात. अर्ज वार्षिक सभेत ‘आयत्या वेळच्या विषयां’मध्ये घेतला जाईल. तोवर ट्यूब.

तळहातावर मावणारं सुल्काटा पुढे चाळीस-पन्नास किलोचं होतं आणि पन्नास वर्षं सहज जगतं. गृहकर्ज फिटेल, सिडकोची इमारत पुनर्विकासाला जाईल. करारात संक्रमण काळातल्या भाड्याच्या कलमाखाली त्याची पेटी आणि दोन प्लग पॉइंट लिहून घ्यावेत. वारस म्हणून घरातल्या सर्वांत धाकट्याचं नाव घालावं, तो तिसरीत असला तरी चालेल. वारसाच्या अर्जावर सही मात्र आईवडिलांचीच लागते, कारण ट्यूब बदलायची तारीख मार्चमध्ये येते आणि त्याची परीक्षाही.