बोली किती जणांनी लावली?

बार्शी तालुक्यातला एक शेतकरी फेब्रुवारी २०२३ मध्ये दहा गोण्या कांदा घेऊन सोलापूरच्या बाजारात आला. वजन ५१२ किलो. भाव लागला किलोला १ रुपया. मोटारभाडं, हमाली, तोलाई कापून पट्टी झाली २ रुपये ४९ पैशांची. हातात पडला २ रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा.

चेकचा फोटो देशभर फिरला. व्यापाऱ्याचा परवाना निलंबित झाला. सगळ्यांनी भाव विचारला, सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली.

त्या दहा गोण्यांवर बोली किती जणांनी लावली होती? हा प्रश्न मला एकाही बातमीत दिसला नाही.

खरी गोम तर तिथेच आहे. घेणारे दहा असतील तर पडत्या बाजारातही कुणीतरी चार आणे वाढवतो. घेणारा एकच असेल तर त्याने भाव वाढवावा कशाला? आणि कुणाच्या भीतीने?

घेणारे वाढावेत म्हणूनच त्याआधी, १४ एप्रिल २०१६ रोजी, ई-नाम हा केंद्राचा ऑनलाइन शेतमाल बाजार आला होता. कल्पना चांगलीच होती. गेटवर नोंद, ढिगाला लॉट नंबर, प्रतवारी, मग ऑनलाइन बोली. सोलापूरचा माल हैदराबादच्या व्यापाऱ्याने आपल्या पेढीवर बसून मागावा. भाव पटला नाही तर शेतकऱ्याने नाकारावा. राज्यातल्या शंभराहून अधिक बाजार समित्या जोडल्या गेल्या. संगणक आले, स्क्रीन लागले.

लांबचा व्यापारी मात्र फारसा आलाच नाही.

का येईल? गोणीच्या तोंडचा कांदा दिसतो, बुडाचा कोण दाखवणार? प्रतवारीला माणूस लागतो, जागा लागते, वेळ लागतो. ऐन हंगामात सोलापूरच्या सिद्धेश्वर बाजार समितीच्या आवारात एका दिवसात शेकडो ट्रक कांदा उतरतो. तेवढ्या गर्दीत कुणाच्या शिक्क्यावर विश्वास ठेवून हैदराबादवाल्याने पैसे लावायचे? आणि माल सडका निघाला तर भांडायचं कुणाशी?

मग स्क्रीनवर उरतात तेच चेहरे, जे कालपर्यंत ढिगासमोर उभे होते. अनेक बाजारांत सौदा आधी तोंडी होतो आणि तोच आकडा मागाहून संगणकात भरला जातो. ही निव्वळ कारकुनी आहे. तिला लिलाव म्हणू नका.

बोली थंड पडली की सल्ले गरम होतात. फोटो चांगले टाका. लिलावाची वेळ बदला. सुरुवातीची किंमत कमी ठेवा, आपोआप गर्दी होईल. घरातलं जुनं कपाट विकायला काढलं असेल तर हे सगळं ठीक. गिऱ्हाईक नाही आलं तर कपाट परत भिंतीला लावता येतं.

लाल कांदा कुठे लावायचा?

उन्हाळी कांदा चाळीत चार-पाच महिने निघतो. पावसाळी लाल कांद्यात पाणी जास्त, त्याला तेवढा दम नाही. तो काढला की विकावाच लागतो, आणि हे घेणाऱ्यालाही पक्कं ठाऊक असतं. नाकारण्याचा हक्क कागदावर आहे, मान्य. पण नाकारलेला माल गावाला न्यायला पुन्हा भाडं कोण देणार? सगळ्या मालाचे मिळून ५१२ रुपये येत असतील तर हा हक्क शेतकऱ्याने वापरायचा कसा?

त्याच जिल्ह्यात पंढरपूरला बेदाण्याचे सौदे होतात. तिथे भाव पटला नाही तर बागायतदार माल शीतगृहात राहू देतो. बेदाणा शेतमाल तारण योजनेतही बसतो. माल तारण ठेवून ६ टक्के व्याजाने कर्ज मिळतं, घरचा खर्च चालतो. समोरचा थांबू शकतो हे कळलं की व्यापाऱ्याची पहिली बोलीच जरा जबाबदारीने येते. जिल्हा तोच, कायदा तोच. माणसंही तितकीच व्यवहारी.

हॉलंडात आल्समीरच्या फुलबाजारात घड्याळावर लिलाव चालतो. भाव वरून सुरू होतो आणि खाली येत जातो. जो आधी बटण दाबेल त्याचा माल. म्हणजे थांबण्याचा धोका घेणाऱ्याच्या डोक्यावर. आपल्याकडे तो विकणाऱ्याच्या. आणखी एक गोष्ट: तो बाजार चालवणारी संस्था फुलं पिकवणाऱ्यांचीच सहकारी संस्था आहे. सोलापूर जिल्ह्याला सहकार शिकवायला कुणी हॉलंडहून यायला हवं का?

जेरेमी बुलो आणि पॉल क्लेम्परर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये गणित मांडून दाखवलं की, विकणाऱ्याने किमान किंमत कितीही हुशारीने ठरवली तरी सर्वसाधारणपणे त्याहून जास्त फायदा एका जादा बोलीदाराने होतो. एका! सोलापुरातल्या कुठल्याही आडत्याला हे गणिताशिवाय कळतं.

दिल्लीला कळत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क. ८ डिसेंबरपासून थेट निर्यातबंदी. ती उठली ४ मे २०२४ ला. सरकारी परवानगीने काही देशांना थोडा माल गेला तेवढाच. लाल कांद्याचा ऐन हंगाम, आणि परदेशासाठी माल उचलणारा माणूस बोलीतून उठून गेला. एका हाताने ई-नामवर घेणारे जोडायचे, दुसऱ्या हाताने अधिसूचना काढून ते घालवायचे. हे धोरण कुणाच्या सोयीचं?

अनुदान दिलं की, असं कुणी म्हणेल. दिलं. मार्च २०२३ मध्ये राज्याने क्विंटलला ३५० रुपये जाहीर केले. ५१२ किलोचे होतात १,७९२ रुपये. ते हवेच होते, त्याबद्दल वाद नाही. पण त्यासाठी अर्ज, कागदपत्रं, ई-पीक पाहणीची अट. आणि पैसे विक्रीनंतर. ढिगासमोर गप्प उभ्या असलेल्या व्यापाऱ्याला त्या अनुदानाने एक पैसा तरी वाढवायला लावला का?

मग करायचं काय? दोन गोष्टी, आणि त्यासाठी नवं अॅप लागत नाही.

पट्टीवर भाव छापता, वजन छापता, हमाली-तोलाई पैशापर्यंत छापता. त्या लॉटवर बोली किती जणांनी लावली तो आकडाही छापा. लिलाव तोंडी असो नाहीतर ऑनलाइन. एका महिन्याच्या पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या की कुठल्या ओळीत स्पर्धा होते आणि कुठे नुसती हजेरी लागते, ते उघड्यावर येईल. हा आकडा लपवण्यात कुणाचं हित आहे, तेही.

दुसरी गोष्ट. तीनपेक्षा कमी जणांनी बोली लावली तर त्या लॉटचा सौदा पक्का करू नका. माल शेडमध्ये राहू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा पुकारा. शेतकऱ्याच्या मुक्कामाचा आणि गाडीच्या खोळंब्याचा खर्च समितीने सेसमधून करावा. सेस भरतो खरेदीदार, पण निघतो तो याच कांद्यातून. शेड पुरत नाहीत, असं उत्तर येईल. मग आधी शेड बांधा. डिसेंबरात लाल कांद्याच्या गाड्या पुन्हा बाजार समितीबाहेर हैदराबाद रोडवर लागतील.